तोंड फाटकाकडं

हणमंत हवालदार वारल्याचं मला महिन्याभरानं कळलं. आटपाडीच्या बाजारात कॉलेजातला जुना शिपाई भेटला, त्यानं बोलता बोलता सांगितलं. मी शेळी बघत होतो. ती तशीच सोडून घरी आलो. सुनेनं विचारलं, "आबा, शेळी कुठाय?" मी म्हटलं, "हवालदार गेला." तिला वाटलं, कोणीतरी पोलिसातला असेल.

तो पोलिसातला नव्हता. फौजेतून हवालदार म्हणून सुटून आला होता आणि कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावर नोकरीला लागला होता. पोरांच्या मोटारसायकली कुठं लागायच्या, कुणाला पास मिळायचा, कुणाला नाही, हे सगळं त्याच्याकडं. मी त्याच कॉलेजात माळी. झाडं मी लावली, पण त्या झाडांच्या सावलीत कोण उभं राहणार ते हवालदार ठरवायचा. त्यावरनं आमची पहिल्या दिवसापासून भांडणं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढं मेंढरांमागं गेलो. अक्षर वाकडं आहे, ते कुणी सरळ करायला जाऊ नये. शिकलेल्या लोकांनी हवालदारावर काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. शिस्तीचा माणूस, म्हणून दोन ओळीत संपवला असता. तो तेवढा नव्हता.

अंगानं किडकिडीत, मिशा पांढऱ्या पण टोकाला पिळलेल्या, आणि अंगात सदा खाकी. खाकीची सक्ती नव्हती, बाकीचे वॉचमन निळ्या शर्टात असायचे. हा खाकीच घालायचा आणि तिला इस्त्री स्वतः तांब्यात इंगळ घालून करायचा. पोरं त्याला मामा म्हणायला गेली की थांबवायचा.

"मामा तुझ्या आईचा भाऊ. मी हवालदार."

गाडी लावायची त्याची एक रीत होती. गाडीचं तोंड फाटकाकडं पाहिजे. पोरं घाईनं यायची, भिंतीला चाक टेकवायची आणि पळायची वर्गात. हवालदार मागनं ओरडायचा, "तोंड बाहेर! तोंड बाहेर कर गाडीचं!" फौजेत म्हणे सगळ्या गाड्या अशाच लावतात, निघायची वेळ आली की वळवायला वेळ जाऊ नये म्हणून. मी एकदा म्हटलं, "आवं, हितं काय लढाई लागलीय व्हय? चारला घंटा हुती, पोरं निवांत जात्यात."

तर म्हणाला, "आत येताना सगळीच शहाणी असत्यात, बिरू. घराकडं निघायच्या वक्ताला घोळ करत्यात. म्हणून तोंड आधीच घराकडं करून ठेवायचं."

पोरं त्याची नक्कल करायची. गॅदरिंगात एकानं खाकी घालून, मिशा चिकटवून त्याचं सोंग काढलं. सोंगातला हवालदार लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलालासुद्धा म्हणतो, "तोंड बाहेर कर!" सगळं मैदान हसून लोळलं. खरा हवालदार मागं हात बांधून उभा होता. हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्या सोंगाड्या पोराला फाटकात थांबवून म्हणाला, "टोपी तिरकी घातली हुतीस. टोपी सरळ आसती."

पास म्हणजे एक गोल चिकटपट्टी. दर वर्षी रंग बदलायचा. ती गाडीच्या दिव्याच्या वर चिकटवायची. पास घ्यायला हेल्मेट दाखवायचं, लायसन दाखवायचं, आणि आरसी बुकावर नाव स्वतःचं नाहीतर आईबापाचं पाहिजे. गावातल्या पोरांना पास नाही, त्यांनी चालत यावं. हे नियम त्यानं केलेले नव्हते, ऑफिसनं केले होते आणि ऑफिस विसरून गेलं होतं. हवालदार विसरला नव्हता. पास नसलेली गाडी आत सापडली की तो चाकाला साखळी घालायचा. जाड साखळी, फौजेतल्यासारखी, आणि तिला पितळी कुलूप.

एकदा प्रिन्सिपॉल साहेबांची मुलगी डबा द्यायला स्कूटीवरनं आली आणि साहेबांच्या गाडीशेजारी स्कूटी लावून वर गेली. खाली येते तर चाकाला साखळी. साहेब स्वतः खाली आले. हवालदारानं कडक सॅल्यूट मारला.

"हवालदार, माझी मुलगी आहे ती."

"व्हय साहेब. वळखली मी."

"मग?"

"पास न्हाई साहेब. नियमावर सही तुमचीच हाय. तुमी म्हणत असला तर सही खोडा, मी कुलूप काढतो."

साहेबांनी एकदा साखळीकडं बघितलं. मग हसले आणि मुलीला रिक्षानं पाठवलं. लायसन आणून दाखवल्यावर संध्याकाळी स्कूटी सुटली. त्या दिवसापासनं पोरं हवालदाराला टरकून असायची आणि मनातनं मानायचीसुद्धा. साहेबाच्या पोरीला सोडलं नाही, मग आपल्याला न सोडलं तर राग कसला, असं.

मला मात्र तो थट्टेत आला की धनगरा म्हणून हाक मारायचा. मी खुरपं घेऊन बसलो की शेजारी उकिडवा बसायचा.

"धनगरा, तुझी मेंढरं बरी. एकामागं एक चालत्यात."

"मेंढराला पास लागत न्हाई, हवालदार."

"म्हणून तर लोकांच्या रानात शिरत्यात."

असा तो. आता विशालचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय हवालदार पुरा होत नाही.

विशाल वडूजकडचा. कोरडवाहू गाव, बाप शेती करायचा, चुलता फौजेत. आमच्या मुलखात ज्याच्या घरात कोणी फौजेत आहे, त्याच्या घरातली गाडी फौजेच्या कँटीनमधनं येते. तिथं स्वस्त पडते. पण ती येते फौजीच्या नावावर. पोरगं चालवतं, नाव चुलत्याचं. घरोघर असंच आहे. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही. हवालदारानं स्वतःच्या कार्डावर भावकीतल्या किती जणांना अशा गाड्या काढून दिल्या होत्या. त्याच्या पुतण्याची गाडी त्याच्याच नावावर पळत होती.

विशाल पास मागायला आला तेव्हा मी केबिनच्या बाजूला कर्दळीला पाणी घालत होतो. काळंसावळं, हसरं पोरगं. हेल्मेट काखेत. लायसन दाखवलं. आरसी बुक दाखवलं.

हवालदार म्हणाला, "नाव जुळत न्हाई."

"चुलत्याचं हाय, हवालदार. कँटीनची गाडी हाय. तुमाला म्हाईत हाय की सगळं."

"मला म्हाईत हाय म्हणूनच सांगतोय. चुलत्याची सही आण. मग देतो."

"चुलता तिकडं बर्फात हाय. व्हिडिओ कॉल लावू का? बोला तुमी."

"फोनवर सही उमटती व्हय रं?"

विशाल हसला. हवालदारसुद्धा मिशीत हसला, मला दिसलं. पोरगं त्याला आवडलं होतं. आवडलं होतं म्हणूनच जास्त ताणत होता, असं मला वाटतं. परका असता तर एक वेळ सोडला असता.

पोरगं काही दिवस एसटीनं आलं. मग एक दिवस गाडी घेऊन आलं, आणि वर्कशॉपच्या मागं, माझ्या बकुळीच्या आडोशाला, भिंतीला चाक टेकवून लावून गेलं. लपवताना तोंड फिरवायला कुठला वेळ? हवालदाराला ती दुपारच्या फेरीत सापडली. पास नाही, तोंड भिंतीकडं. साखळी पडली.

संध्याकाळी पोरगं केबिनशी आलं. हात जोडले, पण हसत हसत.

"हवालदार, आजच्या दिस सोडा. उद्या सही आणतो. चुलत्यानं टपालानं धाडलीया, कदाचित घरी आलीबी आसंल."

"मग झालं तर. उद्या आण, उद्या ने."

"आवं, एसटी गेली माझी."

"दुसरी हाय की."

तेवढ्यात त्याच्या गावाकडची दोन पोरं गाडीवरनं आली, म्हणाली, बस की मागं. विशाल तिसरा बसला. जाता जाता मान वळवून ओरडला, "उद्या तोंड बाहेर करून लावतो बघा, हवालदार!"

हवालदारानं काठी उगारल्यासारखं केलं. पोरं हसत गेली.

कारखान्याचा हंगाम होता. वडूजच्या वाटेवर उसाची एक ट्रॉली आस तुटून रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, लाल चकती नाही, काही नाही. अंधारून आलं होतं. पुढच्या दोघातल्या एकाचा पाय मोडला, एकाला खरचटलं. मागं बसलेला विशाल जागच्या जागी गेला.

सकाळी कॉलेजात बातमी आली तेव्हा हवालदार फाटकात उभा होता. ऐकलं, आणि वर्कशॉपमागं गेला. मी त्याच्या मागं गेलो. त्यानं खिशातनं किल्ली काढली, कुलूप काढलं, साखळी काढली. मग ती साखळी हातात धरून उभा राहिला. कुणाला द्यायची, कुठं ठेवायची, काही सुचत नसल्यासारखा. मी त्याच्या हातातनं ती घेतली आणि केबिनमधल्या खिळ्याला अडकवली. ती परत कधी तिथनं निघाली नाही. तिचा गंज भिंतीवर ओघळून आला होता, नंतर रंग दिला तरी तो वर यायचा.

प्रिन्सिपॉल साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. मी बाहेर कुंड्या लावत होतो, दार उघडं होतं. साहेब भल्या मनानं म्हणाले, "हवालदार, मनाला लावून घेऊ नका. तुमची काही चूक नाही. नियमाप्रमाणंच केलं तुम्ही."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर मी कधी न बघितलेला राग होता. म्हणाला, "बिरू, चूक न्हाई म्हंत्यात. शिपाई म्हंतो चूक न्हाई, मास्तर म्हंत्यात चूक न्हाई. आरं, मग पोरगं कुठं गेलं?"

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं विशालच्या गावाला गेलो. मला त्यानं ओढूनच नेलं. घरापुढं लिंबाचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर विशालचा बाप. हवालदारानं आपण कोण ते सांगितलं. साखळीचं सांगितलं. एसटीचं सांगितलं. काही लपवलं नाही. सगळं उभ्यानं सांगितलं, अटेन्शनमध्ये.

बाप जमिनीकडं बघत होता. मग आत बघून म्हणाला, "च्या ठेवा गं दोन कप."

हवालदार म्हणाला, "दादा, मला काय तरी बोला."

"काय बोलू? बसा. च्या घ्या."

चहा घेतला. चहा घेऊन एक पोरसवदा बाई आली, नात्यातली असावी. विशालची आई दिसली नाही. आतनं बांगडीचा आवाज येत होता, एवढंच.

निघताना बापानं कोपरीच्या खिशातनं एक किल्ली काढली. तिला लाल गोंडा होता. हवालदाराच्या हातात ठेवली आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "गाडी तिकडंच राहू द्या. ती हिच्या डोळ्यापुढं नको. सांजच्याला त्या गाडीचा आवाज आला की ही तवा टाकायची. तिला सांगितलंय, चुलत्यानं गाडी माघारी नेली म्हणून. कवा तरी येऊन नेईन मी."

तो कधी आला नाही.

त्यानंतर हवालदार तोच राहिला आणि वेगळा झाला. खाकी तीच, मिशा त्याच. पण एक शब्द त्याच्या तोंडातनं गेला. उद्या हा शब्द तो बोलायचाच नाही. पोरगं कागद अर्धवट घेऊन आलं तर त्याला बसवून घ्यायचा, फोन लावायचा, स्वतः ऑफिसात जाऊन गळ घालायचा, पण त्याचं काम त्याच दिवशी करून पाठवायचा. कारकुनानं म्हटलं, "हवालदार, उद्या बघू," तर तो तिथनं हलायचा नाही. "आज बघा," म्हणायचा. पोरांना वाटायचं, म्हातारा मऊ झाला. मऊ कुठला? फाटकात उभा राहून एकेक गाडी बघायचा. तिसरा बसलेला दिसला की त्याला खाली उतरवून एसटी स्टँडपर्यंत स्वतः चालत सोडायला जायचा. पोरगं लाजून मेल्यावाणी पुढं, आणि खाकीतला म्हातारा मागं.

विशालच्या गाडीला तो हात लावायचा तो फक्त शनिवारी. पुसायचा. गोंड्याची किल्ली लावून चालू करायचा, थोडा वेळ ठेवायचा, बंद करायचा. त्या गाडीवर तो कधी बसला नाही. तिचं तोंडही फिरवलं नाही. भिंतीकडं होतं, तसंच ठेवलं. म्हणायचा, "पोराच्या हातानं लावलीया. ऱ्हाऊ दे."

आणि त्यानं तिला पास दिला. त्या वर्षाचा पोपटी पास त्यानं दिव्याच्या वर नीट दाबून चिकटवला. पुढच्या वर्षी निळे पास आले. पहिला निळा पास गाडीवर लागला तो विशालच्या, मग फाटक उघडलं. मग केशरी. जुना काढायचा नाही, त्याच्यावरच नवा लावायचा. तिथं एक जाड चकती झाली होती, बोटानं लागायची. मी एकदा म्हटलं, "हवालदार, नाव जुळत न्हाई की ह्या गाडीचं."

मला ते बोलायला नको होतं असं कुणाला वाटेल. पण मी त्याला ओळखत होतो. कुणीतरी त्याला ते म्हणावं, असंच त्याला वाटत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई जुळत. तवा बी एवढंच करायचं हुतं, बघ. एवढंच."

मग ती गोष्ट घडली. रविवारच्या सुट्टीनंतर, सोमवारी, मी सकाळी बकुळीची पानं झाडायला गेलो आणि माझ्या हातातला खराटा थांबला. विशालची गाडी फिरली होती. भिंतीकडं पाठ आणि तोंड फाटकाकडं. चाकाखालची वाळकी पानं चुरली होती. बाकी सगळं जिथल्या तिथं.

मी हवालदाराला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि बकुळीच्या बुंध्याला धरून खाली बसला.

"बिरू, तू केलंस?"

"बिरोबाची आण, मी न्हाई."

त्यानं सगळ्यांना विचारलं. शिपायांना, वर्कशॉपवाल्यांना, सुट्टीच्या दिवशी फाटकावर असलेल्या वॉचमनला. तो वॉचमन सुट्टीत डबा खाऊन बाकावर आडवा व्हायचा, त्याला जग बुडालं तरी कळलं नसतं. कुणी केलं नव्हतं. हवालदार संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. एक वाळकं पान उचलून बोटांनी चुरलं. मग म्हणाला, "त्यानं सांगितलं हुतं. उद्या तोंड बाहेर करून लावतो म्हणून."

त्याच्या तोंडात तो शब्द मी लय दिवसांनी ऐकला.  मी देवऋषी मानणारा माणूस आहे, पण कॉलेजात, दिवसाढवळ्या, सिमेंटच्या भिंतीपाशी असलं काही असतं हे मला पटत नव्हतं. आणि पटवून न घ्यावं तर गाडी समोर उभी होती.

त्या दिवसापासनं हवालदार संध्याकाळी, सगळ्या गाड्या गेल्यावर, वर्कशॉपमागं जाऊन उभा राहायचा. मी लांबनं बघायचो. कधी बोलत असायचा. काय बोलायचा ते मी ऐकायला गेलो नाही. एवढं खरं, तिथनं येताना त्याचा चेहरा जरा हलका असायचा. पोरगं येऊन गेलं, आपलं म्हणणं ऐकून गेलं, असं त्याला वाटत असावं. मी त्याच्या त्या वाटण्याला हात लावला नाही.

पुढं कॉलेजनं फाटकाचं काम एका एजन्सीला दिलं. फाटकाला विजेची आडवी दांडी बसली. पास गेले, त्याच्या जागी टॅग आले. टॅग लागलेली गाडी आली की यंत्र वाजतं आणि दांडी वर जाते. माणसाचं काम उरलं नाही. हवालदाराला नारळ, शाल देऊन घरी पाठवलं. भाषणात साहेब म्हणाले, हवालदारांनी कॉलेजला शिस्त लावली. तो शाल घडी घालून बसला होता. तरीही तो शनिवारी पुतण्याच्या गाडीमागं बसून यायचाच, डोक्याला हेल्मेट, हातात कापड. नवीन माणसं त्याला आत सोडायची, म्हातारा आहे म्हणून.

मग नोटीस लागली. आवारात पडून असलेल्या बेवारस गाड्या भंगारात जाणार. ज्यांची नावं सापडली त्यांच्या घरी पत्रं गेली. विशालच्या गाडीचं पत्र चुलत्याच्या पत्त्यावर, म्हणजे त्याच घरी गेलं.

त्या शनिवारी हवालदार गाडी पुसत होता. मी नळी ओढत होतो. फाटकातनं एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पायात धुळीच्या चपला. तिनं फाटकात काही विचारलं नाही. पोरांच्या गाड्यांच्या रांगा ओलांडून, कॅंटीनकडं न बघता, ऑफिसकडं न बघता, थेट वर्कशॉपच्या मागं आली. त्या कॉलेजात नवा माणूस वर्कशॉप शोधता शोधता दमतो. तेव्हाच मला कळलं, ही पहिल्यांदा आलेली नाही.

हवालदार उठून उभा राहिला. कापड हातात.

"मी विशालची आई," ती म्हणाली.

त्यानं कापडाची घडी घातली. मग म्हणाला, "तुमाला ठावं हुतं, गाडी हितं हाय म्हणून?"

"त्या पाय मोडलेल्या पोरानं सांगितलं मला, कवाच. ह्यांना वाटतं, मला ठावं न्हाई. ऱ्हाऊ दे त्यांचं." ती गाडीकडं बघत होती. "मागं एक डाव आलते. सुट्टी हुती, कोणच नव्हतं. आलेच हुते कराडात दवाखान्याला. बघितलं तर होस्टेलवाल्या पोरांच्या गाड्या उभ्या हुत्या घराकडं तोंड करून आणि माझ्या पोराची तेवढी भिताडाकडं. शिक्षा केल्यावाणी. मग मीच फिरवली."

मी हवालदाराकडं बघितलं. मला वाटलं होतं त्याचं ओझं उतरेल. उलटंच झालं. त्याच्या चेहऱ्यावरनं काहीतरी गेलं. एवढे दिवस पोरगं येऊन गेलं होतं. आता ते आलंच नव्हतं. विशाल दुसऱ्यांदा गेला, असा त्याचा चेहरा झाला.

"ताई," तो म्हणाला, "साखळी मी घातली हुती."

"ठावं हाय."

"मला काय तरी बोला."

ती त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "बोलते की. बोलायलाच आले. कँटीनची गाडी म्हंजे काय, हे साऱ्या मुलखात कुणाला न्हाई कळलं तरी तुमाला कळतं. फौजी तुमी. चार लोकास्नी तुमीच काढून दिल्या आसतील. मग माझ्याच पोराला नाव कशाला इचारत बसला? एक डाव जाऊ द्यायचं हुतं. संध्याकाळ झालती, पोरगं हात जोडत हुतं, जाऊ द्यायचं हुतं त्याला घरी."

हवालदार अटेन्शनमध्ये उभा होता. डोळ्यातनं पाणी मिशांवर येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. एवढी वर्षं जे ऐकायला तो फिरत होता ते ऐकत होता.

"व्हय," तो म्हणाला. "जाऊ द्यायचं हुतं."

"आता घरी न्या ती," बाई म्हणाली. "भंगारात न्हाई जाणार. ह्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मला तवा टाकू द्या एक डाव."

हवालदारानं खिशातनं गोंड्याची किल्ली काढली. मग आपलं हेल्मेट तिच्यापुढं धरलं. ती बघतच राहिली. "घाला," तो म्हणाला. तिनं पदरावरनं ते कसंबसं घातलं. तो गाडीवर बसला. पहिल्यांदाच. ती मागं एका अंगानं बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

फाटकाशी दांडी आडवी. यंत्र वाजलं नाही. एजन्सीचा माणूस, सांगलीकडचा, बरा माणूस होता, बाहेर आला.

"टॅग नाही आजोबा. नोंद नसली तर गाडी सोडता येत नाही. ऑफिस बंद झालंय आता, पण रविवारीही आमच्या एजन्सीचा साहेब असतो. उद्या कागद आणा, उद्या न्या."

मी नळी तशीच टाकली आणि फाटकाकडं आलो. हवालदारानं गाडी बंद केली. म्हणाला, "बरोबर हाय तुझं." आणि तसाच बसून राहिला. मागं विशालची आई, हेल्मेटातनं त्याच्या पाठीकडं बघत. मला वाटलं, हा आता खाली उतरणार, गाडी वळवणार आणि परत बकुळीखाली नेऊन लावणार.

तो खाली उतरला. तिला उतरवून गाडी तिच्या हातात दिली. दांडीपाशी गेला, दोन्ही हात खाली घातले आणि खांद्यानं ती वर रेटली. म्हातारा माणूस, मानेच्या शिरा तटतटल्या. यंत्र ओरडायला लागलं. दांडी वर गेली आणि तिथंच राहिली.

"आजोबा, काय करताय? माझी नोकरी जाईल!"

"तुझं न्हाई जात काय. हणमंत हवालदारानं मोडली म्हणून सांग. टोपी सरळ घातली हुती म्हणावं."

मग त्यानं गाडी चालू केली. ती मागं बसली. फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता, तरी त्यानं वळताना हात बाहेर काढून दाखवला. दिव्यावरची ती जाड चकती मला शेवटची दिसली, मग त्याची खाकी पाठ, मग तिचा उडणारा पदर. वडूजच्या अंगाला वळली गाडी. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

परत तो कॉलेजात आला नाही. मीही त्याच वर्षी सुटलो आणि इकडं आलो.

त्या शनिवारी, गाडी गेल्यावरही, यंत्र ओरडतच होतं. एजन्सीचा माणूस मला म्हणाला, "आबा, ती दांडी खाली घ्या की जरा, मी फोन लावतो." मी तिथंच उभा होतो, हाताच्या अंतरावर. मी काय ती खाली घेतली नाही.